शंभर कनेक्शनं आणि सावळीराम सांगळे

सांगळेभाऊंइतका वैताग मला आयुष्यात कुणी आणला नाही. नवऱ्याने नाही, सासूने नाही, नाशिक रोड स्टेशनबाहेरच्या रिक्षावाल्यांनीही नाही. काहीही मागायला जा, हा माणूस आधी चष्मा काढणार, शर्टाच्या टोकाने पुसणार, परत घालणार आणि म्हणणार, "कशाला पायजे?" अहो, पाहिजे म्हणून पाहिजे!

मी २००३ साली एका शिक्षण संस्थेत प्रोग्रामर म्हणून लागले. संस्थेचं नाव सांगत नाही. जिल्ह्यात तिची कॉलेजं, नर्सिंगचे वर्ग आणि हॉस्टेलं आहेत एवढं पुरे. मी इंजिनिअर, वय पंचवीस, वर्षभराच्या प्रोबेशनवर. सांगळेभाऊ शेहेचाळीस वर्षांचे, सिन्नर तालुक्यातले, बारावी पास. पूर्वी सिन्नरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर होते. कारखान्याने टेलिफोनचा बोर्ड काढून टाकला तेव्हा ते नाशिक रोडला क्लास लावून कॉम्प्युटर शिकले आणि सत्त्याण्णव साली संस्थेत चिकटले. कागदावर ते 'ऑपरेटर' होते, प्रत्यक्षात संस्थेचा डेटाबेस सर्व्हर सात वर्षं एकटे सांभाळत होते.

ती सात वर्षं अकरा-अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर. दर जूनअखेर ऑर्डर संपायची, महिन्याभराचा ब्रेक आणि ऑगस्टमध्ये नवी ऑर्डर. कायम कधी करायचंच नाही, म्हणून ही सोय. २००४ साली मात्र त्यांची फाईल पहिल्यांदा कार्यकारिणीपुढे जाणार होती. वयाची सवलत त्या वर्षापुरतीच होती. त्या जुलैत कायम झाले तर झाले, नाहीतर पुढे कधीच नाही. हे ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं, कारण त्यांची बायको सगुणाबाई संकष्टीचे मोदक घेऊन आली की प्रत्येकाला सांगून जायची, "यंदा आमच्या ह्यांचं होऊ द्या."

त्याच वर्षी संस्थेने ठरवलं की प्रवेशअर्ज वेबसाईटवरून घ्यायचे. मुलांनी घरून नाही. घरी कॉम्प्युटर होता कुणाकडे? तालुक्यांच्या अकरा केंद्रांवर, सुरगाण्यापासून येवल्यापर्यंत, तीन-तीन कॉम्प्युटर ठेवायचे, तिथल्या क्लार्कने अर्ज भरायचे. मुदत आठ दिवस, वेळ दहा ते पाच. आणि हॉस्टेलची खोली अर्जाच्या क्रमाने मिळणार. ही शेवटची अट कुठल्या सुपीक डोक्यातून निघाली ते मला आजही माहीत नाही. पेठ-सुरगाण्याच्या मुलीला हॉस्टेल नसेल तर प्रवेश मिळून उपयोग काय? साहजिकच दहाच्या ठोक्याला झुंबड उडणार हे उघड होतं. अर्जाचा प्रोग्राम मी लिहिला. एकटीने, अडीच महिन्यांत. मला त्याचा भारी अभिमान होता.

आता थोडं कनेक्शनचं सांगते, त्याशिवाय पुढचा मनस्ताप कळणार नाही. वेबसाईटला डेटाबेसशी बोलायचं तर मध्ये एक लाईन लागते, ते कनेक्शन. दर वेळी नवी लाईन उघडायला वेळ जातो, म्हणून काही लाईनी आधीच उघडून एकत्र ठेवतात. ज्याला लागेल त्याने घ्यायची, काम झालं की परत ठेवायची. याला पूल म्हणतात. आमचा सर्व्हर एकूण शंभर लाईनी पेलायचा. संस्थेची चार कामं त्यावर चालायची: प्रवेश, हॉस्टेल, परीक्षा आणि ग्रंथालय.

सांगळेभाऊंचं म्हणणं होतं की चौघांनी मिळून एकच पूल करा, चाळीस लाईनींचा. "कारखान्यात आमच्याकडं भाईरच्या लाईनी पाच अन् टेबलं दोनशे होती, मॅडम. दोनशे माणसं बोलायची. का? बोलून झालं की ठेवायची."

यावर आमचे रजिस्ट्रार बोरस्ते सर हसले. "गर्दी वाढली की गाड्या कमी करायच्या, होय सांगळे?" मीसुद्धा हसले. मग बोरस्ते सरांनी न्याय केला: शंभर भागिले चार. प्रत्येक विभागाला पंचवीस, आपापल्या सेटिंगच्या फाईलमध्ये आपापला आकडा. जून महिन्यात ग्रंथालयात चिटपाखरू नसतं, तरी त्यांना पंचवीस. परीक्षा विभागाचे प्रमुख तर म्हणाले, आमच्यातलं एकही देणार नाही, उद्या आम्हाला लागलं तर? सांगळेभाऊंनी चष्मा पुसला आणि चारही फाईलींत पंचवीस लिहिलं.

पहिल्या दिवशी दहा वाजून तीन मिनिटांनी फोन सुरू झाले. स्क्रीन पांढरी झाली, गोल फिरतंय, पुढे जात नाही. अकरापैकी सहा केंद्रं पूर्ण ठप्प. बाहेर मुलं-मुली उन्हात उभी. संध्याकाळपर्यंत अर्ज किती झाले? दोनशे ऐंशी. यायला हवे होते हजारावर. मी तरातरा सर्व्हरच्या खोलीत गेले.

"भाऊ, मला साठ करून द्या."

चष्मा निघाला. "कशाला पायजे?"

"पुरत नाहीत म्हणून!"

"पुरत नाय असं न्हाई, मॅडम. परत येत नाय. हे बघा." त्यांनी स्क्रीनकडे बोट केलं. "तुमच्या पंचवीसच्या पंचवीस लाईनी सकाळी साडेआठलाच गेल्या. अन् त्यातल्या सोळा तर दिवसभर गप पडून हायेत. धरून ठेवल्यात कुणीतरी."

"साडेआठला? वेळ दहाची आहे."

"तेच म्हणतो ना मी."

मी सुरगाणा केंद्राला फोन लावला. तिथे मीना गावित म्हणून क्लार्क होती, कामाला वाघ, पण एकटी. तिला विचारलं तर अगदी निरागसपणे म्हणाली, "हां मॅडम, आम्ही आठलाच लॉगिन करून ठेवलं ना. मागून जागा भेटणार नाय म्हणून. तिन्ही कॉम्प्युटर लावून ठेवले. एस.टी.त रुमाल टाकतो तसा."

"अगं, पण तू एकटी आहेस. तीन कशाला?"

"राखीव! अन् इथं लाईट जाते ना. लाईट गेली की परत लॉगिन करावं लागतं, म्हणून एक जास्तीचं."

मी कपाळाला हात लावला. इतर केंद्रांना विचारलं तर सगळीकडे तेच. कळवणचा क्लार्क सकाळी लॉगिन करून शेताला पाणी द्यायला गेला होता आणि साडेदहाला आला. अकरा केंद्रांनी, कुणीही कुणाला न सांगता, रुमाल टाकायची पद्धत शोधून काढली होती. एस.टी.त निदान कंडक्टर तरी असतो, तो रुमाल उचलून बाजूला ठेवतो. मी सगळ्यांना फॅक्स पाठवला: दहाच्या आधी लॉगिन करू नये. परिणाम? दुसऱ्या दिवशी सगळे साडेसातला आले. फॅक्स आलाय म्हणजे जागा कमी आहेत, असा अर्थ त्यांनी काढला.

तिसऱ्या दिवशी बोरस्ते सरांचा संयम सुटला. त्यांनी सांगळेभाऊंना बोलावून सांगितलं, "चारही फाईलींत शंभर करा. भांडणच मिटेल."

"साहेब, सर्व्हर शंभरच पेलतो. चार शंभर झाले तर झोपंल तो."

"सांगितलं तेवढं करा."

"मग लेखी द्या."

हे असं बोलायचं असतं का? ज्याच्या हातात तुमची कायमची ऑर्डर आहे त्याला? बोरस्ते सर लालबुंद झाले. लेखी काही त्यांनी दिलं नाही. सांगळेभाऊ जाऊन चार वेळा शंभर लिहून आले. साडेअकराला सर्व्हर झोपला. नुसता प्रवेशाचा नाही, सगळंच बंद. परीक्षेचं, हॉस्टेलचं, ग्रंथालयाचंसुद्धा. दोन तास. आणि दोन तासांनी तो परत उठवून सांगळेभाऊ बाहेर आले तेव्हा व्हरांड्यात सगळे म्हणत होते, "सांगळेंनी सर्व्हर पाडला." शंभरचा आकडा कुणी लिहायला सांगितला, हे कुणी विचारलंच नाही. बोरस्ते सर तर नाहीच नाही.

त्या संध्याकाळी मीटिंग झाली. सांगळेभाऊ उभे राहून म्हणाले, "प्रवेशाचा प्रोग्राम लाईन घेतो, पण सोडत नाय. बाकी तिघांचे सोडत्यात. मॅडमनी एकदा बघावं."

एका बारावी पास टेलिफोन ऑपरेटरने माझ्या कोडमध्ये चूक काढली होती, तीही सगळ्यांसमोर.

"माझ्या कोडमध्ये काहीही दोष नाही," मी म्हटलं. "पाच जण बसवून महिनाभर टेस्टिंग केलंय."

बोरस्ते सरांनी मान डोलावली आणि सांगळेभाऊंना म्हणाले, "आपलं काम आपण बघावं. शेवटच्या दिवशी पुन्हा असं झालं तर कार्यकारिणीला मी काय सांगणार तुमच्याबद्दल?" सांगळेभाऊ खाली बसले. आकडे परत पंचवीस-पंचवीस झाले आणि पुढचे चार दिवस आम्ही रोज दोन-तीनशे अर्जांवर रखडलो.

शेवटचा दिवस, शनिवार. सोळाशेच्या वर मुलं बाकी होती. मी नऊला पोचले तर सांगळेभाऊ आधीच खुर्चीत होते. समोर टेलिफोन, शेजारी वही, स्क्रीनवर लाईनींची यादी: कोणती लाईन कुठल्या ठिकाणची, किती वाजता घेतली, किती वेळ गप आहे. दहा मिनिटं गप राहिलेली लाईन दिसली की ते त्या केंद्राला फोन करायचे.

"मीनाताई, तुमचं तिसरं मशीन रिकामं हाय ना? कापतो ती लाईन. घाबरू नका, परत भेटंल. माझा शब्द हाय."

आणि हाताने लाईन कापायचे. एक कापली की ती पूलमध्ये परत यायची आणि कुठेतरी येवल्यात नाहीतर पेठेत कुणाची तरी पांढरी स्क्रीन चालू व्हायची. दिवसभर हेच. जेवायला उठले नाहीत. सगुणाबाईंनी दिलेला डबा खिडकीत तसाच. दुपारी एकपर्यंत आठशे अर्ज झाले होते, आणि मला आनंद व्हायच्या ऐवजी भयंकर राग येत होता. माझा प्रोग्राम नीट चालायला दर दहा मिनिटांनी एका माणसाचा हात लागतो, हे माझ्या डोक्यात जात होतं.

दोनला त्यांनी मला हाक मारली आणि वही पुढे केली. "मॅडम, रागवू नका. येवढं एकदा बघा."

वहीत तीन रकाने होते. केंद्र, लॉगिनची वेळ, लाईन घेतल्याची वेळ. दुसरा आणि तिसरा रकाना प्रत्येक ओळीत सारखाच. सेकंदासकट.

मी माझ्या जागेवर येऊन प्रोग्रामची फाईल उघडली. शोधायला चार मिनिटंसुद्धा लागली नाहीत. लॉगिन झालं की मी पूलमधून एक लाईन घेत होते आणि ती त्या माणसाच्या नावाने धरून ठेवत होते, लॉगआऊट करेपर्यंत. लॉगआऊट कुणीच करत नव्हतं. सगळे कोपऱ्यातली फुली दाबायचे. त्यात जेवून आल्यावर परत लॉगिन करावं लागतं अशी क्लार्क लोकांची तक्रार आली म्हणून आपोआप लॉगआऊट व्हायची मुदत मीच अर्ध्या तासावरून आठ तास केली होती. सुरगाण्यात लाईट गेली की लाईन आठ तास अडकून पडायची, मीनाने परत लॉगिन केलं की दुसरी जायची. ती बिचारी रुमाल टाकत होती खरी, पण रुमालासाठी अख्खं बाक मी देत होते. पाच जणांच्या टेस्टिंगमध्ये हे दिसणार कसं? पाच जणांना पंचवीस लाईनी!

उठून त्या खोलीत जायचं आणि म्हणायचं, भाऊ, तुमचं बरोबर आहे. बारा पावलं होती. मी गेले नाही. मनात म्हटलं, आता चालू कामात कोड बदलता येणार नाही, मग आत्ता सांगून काय उपयोग? पाचनंतर सांगू. हे स्वतःला पटवायला मला वेळ लागला नाही. खरं कारण वेगळंच होतं. माझं प्रोबेशन त्याच महिनाअखेरीला संपत होतं.

पावणेचारला त्यांनी आणखी एक लाईन कापली. पंचवीस मिनिटं गप होती, मुख्य कार्यालयातली. मुख्य कार्यालयाच्या नंबरला फोन लावला तर एंगेज. तीन वेळा लावला, मी काचेतून पाहत होते. मग कापली. ती निघाली अध्यक्षांच्या कार्यालयातली. त्यांचे स्वीय सहायक मॅनेजमेंट कोट्यातल्या अठरा मुलांची माहिती भरता भरता कुणाशी तरी फोनवर गप्पा मारत बसले होते. फोन ठेवून बघतात तर भरलेलं सगळं गायब.

पाचला वेबसाईट बंद झाली. एका दिवसात सोळाशे चाळीस अर्ज. एकही केंद्र बाकी नाही. सांगळेभाऊ खुर्चीतून उठले तेव्हा त्यांना धड सरळ उभं राहता येईना.

साडेपाचला बोरस्ते सरांच्या केबिनमध्ये आम्ही तिघं आणि अध्यक्षांचे स्वीय सहायक. सोळाशे चाळीसचा उल्लेखही झाला नाही. साहेबांच्या कार्यालयातली लाईन कापायची हिंमत कशी झाली, एवढा एकच विषय.

"साहेब, माणसाचं नाव दिसत नाय तिथं, फकत मशीनचा नंबर दिसतो," सांगळेभाऊ म्हणाले. "अन् कापल्याशिवाय चालतच नव्हतं. प्रोग्राम लाईन सोडत नाय, हे मी आधीच बोललो होतो."

बोरस्ते सर माझ्याकडे वळले. "मॅडम, तुम्ही सांगा. कापाकापी करायची खरंच गरज होती? की ह्यांचा आपला हट्ट?"

सांगळेभाऊ माझ्याकडे बघत होते. रागाने नाही, मी आता सांगणार, अशा खात्रीने.

"तपासावं लागेल, सर," मी म्हटलं.

जुलैत कार्यकारिणी झाली. सांगळेभाऊंची फाईल तिच्यापुढे गेलीच नाही. अकरा महिन्यांची नवी ऑर्डरही निघाली नाही. ते वही आणि चष्म्याचं घर घेऊन गेले. मी रजेवर होते त्या दिवशी. रजा मुद्दाम काढली होती.

कोड मी पुढच्याच रविवारी दुरुस्त केला. अकरा ओळी. लाईन घ्यायची, काम करायचं, लगेच परत ठेवायची. चारही कामांचा मिळून एकच पूल केला, चाळीसचा. ऑगस्टमधल्या दुसऱ्या फेरीला त्यातल्या बारापेक्षा जास्त लाईनी कधी लागल्याच नाहीत. बोरस्ते सरांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. मी कायम झाले.

तीन वर्षं मी स्वतःवर चिडत काढली, आणि स्वतःवर चिडणारी माणसं इतरांशी वागतात तशी वागले, घरच्यांना विचारा. शेवटी २००७च्या जूनमध्ये एका सकाळी सिन्नरची एस.टी. पकडली. बसस्टँडच्या मागे त्यांचं दुकान होतं: झेरॉक्स, टायपिंग, ऑनलाईन फॉर्म. समोर मुलांची रांग. सांगळेभाऊ आमच्याच वेबसाईटवर आमच्याच संस्थेचे अर्ज भरत होते.

"मॅडम! या, या. अगं, मॅडम आल्यात, चहा ठेव." सगुणाबाई आतून आल्या, हसल्या, स्टोव्ह पेटवायला गेल्या. "तुमची साईट आता लय फास्ट झाली बरं का. लाईन सोडायला लागली. मी हिला म्हणलंच होतं, मॅडमला सापडलं की त्या करतील. पोरगी हुशार हाय."

मला ते ऐकवेना. "भाऊ, एक सांगायचंय. ती चूक माझीच होती."

"ते माहीत हाय मला," ते हसून म्हणाले. "व्हती चूक. नवीन होता तुम्ही. तवा नाय दिसली, मागून दिसली. हिनं लय शिव्या घातल्या तुम्हाला, पण मीच म्हणलो, तिला माहीत असतं तर ती बोलली असती."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. मला ओझं उतरवायचं होतं ना, म्हणून बोलले. "मागून नाही, भाऊ. त्याच दिवशी. तुम्ही वही दाखवलीत तेव्हाच, दोन वाजता."

त्यांनी चष्मा काढला नाही, पुसला नाही. आत स्टोव्हचा आवाज बंद झाला.

"दोन वाजता," ते म्हणाले. "अन् मीटिंग साडेपाचला होती. म्हंजे साडेतीन तास होते तुमच्याकडं."

मी मान डोलावली. ते स्क्रीनकडे वळले आणि रांगेतल्या मुलीला तिचं नाव विचारलं. चहा काही आला नाही.